नाव हिलचं, पोरगं माझं

प्रिय एम्रिस,

दोन वर्षांत पत्र लिहिलं नाही म्हणजे राग गेला असं समजू नकोस. रविवार देवाचा, आणि तू त्या दिवशी पैसे घेऊन रग्बी खेळतोस. "खेळायचंच असेल तर तुझ्या बापाचं प्रॉसर हे आडनाव लावू नकोस," असं मी म्हटलं, आणि तू बापासारखाच हेकट. खरंच 'हिल' हे नाव घेतलंस आणि घराकडे फिरकला नाहीस. इकडे तू मामा झालायस. तुझ्या बहिणीला जुळं झालंय, दोघं मिळून घर डोक्यावर घेतात.

गेल्या रविवारी तुमचा संघ आपल्या गावात आला. चर्च सुटल्यावर मी सहज मैदानाकडे गेले. सहज कसली, शेजारच्या ग्वेनने दंडाला धरून नेलं. म्हणाली, "चल गं, देव काय तुझ्या एकटीवरच डोळा ठेवून बसलाय?" चिखलात सगळे एकाच रंगाचे झाले होते, तरी तुला चालीवरून ओळखलं. डोक्याला ती कातडी टोपीसुद्धा नाही. केस वाढवले की डोकं फुटत नाही, हा शहाणपणा तुला कुणी शिकवला? नाकही परत मोडून घेतलंस. चेंडू पोटाशी धरून, अंगावर तिघांना ओढत तू रेघेपलीकडे पडलास, तशी अख्खं मैदान 'हिल, हिल' करायला लागलं. माझ्या बाजूचा खाणवाला म्हणाला, "कुणाचं पोरगं हे? वाघ आहे वाघ!" 'माझं' असं अगदी तोंडाशी आलं होतं, पण नाव तर हिलचं होतं. घरी येईपर्यंत डोळ्यांचं पाणी थांबलं नाही. तुम्ही जिंकलात आणि मी रडतेय, ग्वेनला काही कळेना.

म्हणून लिहायला बसले. रविवारबद्दल माझं मत तेच आहे, वर गेल्यावर त्याचा जाब तुझा तू दे. पण तुझा बाप प्रॉसर म्हणून जन्मभर कोळसा खणत राहिला, आणि त्याच कोळशाखाली गाडला गेला. त्याच्या नावाने कुणी कधी टाळी वाजवली नाही. नाताळाआधी तुम्ही परत इथे येणार आहात म्हणे. तेव्हा प्रॉसर म्हणून उतर. पाप करायचंच असेल तर आपल्या नावाने कर, आणि खेळ संपला की घरी जेवायला ये.

अजून रागावलेली,
तुझीच आई