आईच्या डेझी कुंपणापलीकडे

ती. व्हर्नाताईस आर्डिसचा नमस्कार. डलुथला तळ्यावरचा बर्फ फुटला का, आणि तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे मिनेसोटाच्या या टोकाला आम्ही ठणठणीत आहोत (ऑर्विलला सर्दी झालीय, पण नवऱ्यांची सर्दी मी धरत नाही).

ताई, बातमीच अशी आहे की पेन हातात ठरत नाहीये. आईच्या डेझी जिवंत आहेत! मेल्या कधी होत्या, असं तू विचारशील. तर माझ्या वाफ्यातल्या मेल्या. ऑर्विलने जन्मात एकदा बागेत लक्ष घातलं आणि थंडी लागेल म्हणून बिचाऱ्यांवर गवताची ही जाड गादी अंथरली. वसंतात बर्फाचं पाणी आत मुरलं, मुळं कुजली. गवत उचललं तर खाली नुसता काळा चिखल. मी वाफ्यातच बसून रडले. आईने लग्नात आंदण दिलेले गड्डे, दर दोन-तीन वर्षांनी फोडून, वाटून जपलेले, आणि गेले ते असे.

आणि काल कुंपणापलीकडे बघते तर कॉनीच्या वाफ्यात हिरवेगार कोंब! (कॉनी म्हणजे न्यू जर्सीहून आलेली शेजारीण. तिला मीच एक गड्डा दिला होता, साफ विसरले होते.) लगेच लिंबाच्या वड्या घेऊन गेले. हवापाणी झालं, मग मी तिच्या वाफ्याचं इतकं कौतुक केलं की दगडालाही कळलं असतं. तिला कळलं. म्हणाली, गड्डे फार दाटलेत, फोडायचेच आहेत, तुला देऊ का? मी म्हटलं, छे गं, कशाला उगीच तुला त्रास. आपल्याकडे पहिला नकार रीतीचा, दुसरा सभ्यतेचा, आणि तिसऱ्यांदा "बरं, तू एवढं म्हणतेसच तर". मी आपली दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभी. ती "बरं" म्हणाली आणि घरात गेली. वड्यांसकट.

बाकी सर्व क्षेम. पत्राचं उत्तर दे.

तुझी,
आर्डिस

ता.क. शनिवारी ये. कॉनी तुलाही गड्डे हवेत का विचारेल, तेव्हा पहिल्या फटक्यात हो म्हण. तू पाण्याचा पेलासुद्धा तिसऱ्या आग्रहाशिवाय घेत नाहीस, म्हणून आरशासमोर सराव करून ये.

ता.क. २. पाकीट चिकटवत होते तोच कॉनी बादलीभर गड्डे घेऊन दारात. हे जास्तीचे टाकून देतेय, हवेत का? आणि या मेल्या तोंडातून काय निघालं? "नको गं, राहू दे." ती गेलीसुद्धा खताच्या ढिगाकडे. मी फावडं घेऊन निघाले.

ता.क. ३. ढिगात कोपरापर्यंत हात घातलेले असताना कॉनी मागे येऊन उभी. म्हणाली, "अगं, हवे होते तर हो का नाही म्हणालीस?"

मी म्हटलं, "अगं, असं एकदाच कुठे विचारतात का?"

ती हसत हसत खाली बसली, आणि दोघींनी मिळून सगळे गड्डे उपसले. आईच्या डेझी पुन्हा माझ्या वाफ्यात आहेत, ताई. अर्धे तुझ्यासाठी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेत. हवेत का? मी एकदाच विचारतेय.