खटक्यांवरचे हात

१० जानेवारी १९८३, मालवण
पोचलो एकदाचा! एस.टी.ने हाडं खिळखिळी केली, पण मासळी कंपनीने बंदरालगत झकास खोली दिलीय. खिडकीत समुद्र, आणि जोहराबीच्या खाणावळीतली सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी! पुण्याची आठवणसुद्धा आली नाही. शनिवारी, बावीसला, शुभदा आणि आमची चिंगी येतील. तोवर कंपनीचा संगणक सुरू करायचा. मुंबईने वापरून इकडे ढकललेलं कपाटाएवढं धूड आहे.

११ जानेवारी
हे धूड वीज गेली की सगळं विसरतं, आपण सुरू कसं व्हायचं तेही. मग समोरचे खटके वर-खाली करून बूट लोडर हाताने घालायचा. तो म्हणजे चिमूटभर आज्ञा. त्या आत गेल्या की त्याच उरलेलं सगळं कागदी फितीवरून ओढून घेतात. आमचे कारकून गुरुदास परब ऐकून म्हणाले, "म्हणजे पयला बोट भितर, मगे आख्खो माणूस!" मी पोट धरून हसलो.
त्यांनी यंत्रापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. ग्रामदेवतेचं नाव घेऊन ते विनवणी करत होते आणि प्रत्येक वाक्याला आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. यंत्र ढिम्म राहिलं.

१३ जानेवारी
गुरुदास देवगडला सासुरवाडीला गेलेत. खटके टाकून टाकून बोटं दुखली. दुपारी वैतागून मी एकट्यानेच त्यांची नक्कल केली. देवाचं नाव आठवेना, तेव्हा ठोकून दिलं, "बा म्हाराजा, जो कोण हंय आसात, तेणा येवन माज्या हातान ह्या काम करूचा!"
कोणीतरी "व्हय" म्हणालं. खोलीत मी एकटाच होतो. बाहेरून कुणीतरी माझी फिरकी घेतली असणार. पण त्यानंतर खटके टाकले आणि फीत सर्रकन आत गेली. चाललं! मी अक्षरशः नाचलो.

१७ जानेवारी
वीज जाऊन आली. मी खुर्ची ओढेपर्यंत माझ्या बोटांनी खटके टाकलेही होते. त्या आज्ञा माझ्या नव्हत्या. तरी यंत्र चाललं. हातांना खाऱ्या पाण्याचा वास येतोय, साबणाने जात नाही.
देवगडहून परतलेल्या गुरुदासना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, नाव न घेता बोलावलं की जो जवळ असेल तो येतो, आणि या बंदरात जवळ असतात ते बुडालेले. परत पाठवायचं तर त्याचं नाव हवं, ते कुणालाच ठाऊक नाही. "साहेब, वयनींक आनि चेडवाक हंय हाडू नकात," शुभदाला आणि पोरीला इथे आणू नका, एवढं विनवून गेले.

१९ जानेवारी
हे डाव्या हाताने लिहितोय. उजवा माझा राहिला नाही.
शुभदाला 'येऊ नकोस' अशी तार करायला गेलो. उजव्या हाताने लिहिलं, 'लवकर ये. चिंगीला नक्की आण.' मी डाव्याने कागद फाडला. त्याने पुन्हा तेच लिहिलं. तोंडाने सांगू गेलो, आवाजच फुटेना. तारमास्तरांनी कागद घेतला आणि तार गेली.

२० जानेवारी
गुरुदास दाराशी आले. त्यांना हे पान दाखवायचं होतं, पण उजव्याने डाव्याचं मनगट आवळून धरलं. माझ्या तोंडून कोणीतरी म्हणालं, साहेब बरे आसत, तुमी जावा. ते पळाले. गुरुदास, एकदा तरी मागे वळून बघायचं होतंत हो!

२१ जानेवारी
आधी बोट. मग हात. मग जीभ. मीच घातला त्याला आत — या हातांनी —
देवा, तुझं नाव — काय होतं नाव —
शुभदा, स्टँडवर मी दिसलो तर उतरू नकोस. मी हसलो तरी उतरू नकोस. चिंगीला माझ्याकडे देऊ नकोस, पाया पडतो तुझ्या —
डावाही आता बधिर —

२२
शुभदा, उतरू न—

इली. चेडू गोड आसा. पाण्याक भियाता, रडता. कितकी वर्सां माका कोणी हाक मारूक नाय हुती. चेडवाक कडेर घेतलंय. आता दर्यार—