मी विमानाला हो म्हटलं नव्हतं

बोरी अरब, ९ फेब्रुवारी १९६४, रविवार

मोठ्यांच्या बैठकीत मी बोलले. मी!

ज्यांच्याशी माझं ठरलंय ते मधुकरराव दुपारी अचानक आले. त्यांच्या कारखान्यात बनत असलेलं लहान मालवाहू विमान रद्द झालं. पंख्यांचं, पण आत जेटसारखं इंजिन असलेलं. त्याच्या मागच्या दाराचे नकाशे ते काढत होते. सांगतासांगता हवेतच ते दार उघडून दाखवत होते. कापसाची अख्खी गाठ आत जाईल एवढं रुंद.

बाबांना म्हणाले, "आता नोकरी राहीन का, सांगता येत नाही. सोयरीक मोडाची असन तर मोडा. मले राग नाही."

मामा उसळले. "म्या गावभर सांगतलं, जावई विमान बनवून राह्यला!"

माय मामांना म्हणाली, "तुमी कायले रडता? मालाचं विमान होतं ते, तुमाले थोडीच बसू देत होते!"

सगळे हसले. मधुकरराव नाही.

बाबा माझ्याकडे वळले. "घरात शिकलेली तूच हायेस, पोरी. तूच सांग."

आठवडाभराची मुदत मागावी का? घाईचं उत्तर खरं असतं का? पण त्यांचा हात अजून त्या दारावरच होता, हवेत.

"मी काही विमानाले हो म्हटलं नव्हतं," मी म्हणाले.

मामांनीच आधी गूळ मागवला. लग्न वैशाखात.

त्यांची एवढी मेहनत वाया गेली आणि मी इतकी खुशीत, हे चूक नाही का? निघताना त्यांनाच विचारलं.

म्हणाले, "मंग मी बी चूकच करून राह्यलो."