सात वह्यांमधली एक मुलगी

तीर्थरूप मावशी,

नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण कंबर धरल्यापासून मला जेमतेम पंचेचाळीस अंशांत वाकता येतं, आणि छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला अंशांच्या बाबतीत खोटं सांगणं बरं नाही. आहेत तेवढे अंश मनापासूनचे आहेत.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे तुझ्या धाकट्याने फोनवर सांगितलं. आता तुला पेपर चष्म्याशिवाय वाचता येतो आणि त्यातल्या चुका घरातल्या सगळ्यांना ऐकाव्या लागतात, असंही तो म्हणाला. म्हणजे प्रकृती पूर्वपदावर आली म्हणायची. आमच्याकडे सगळं ठीक. ही बरी आहे. तिचं म्हणणं असं की दूध उतू जात असलं तरी मी आधी चूक गॅसची की माझी हे ठरवतो आणि मग बटण फिरवतो. यात तथ्य किती, हे मी तपासतो आहे.

पत्र लिहायचं कारण विशेष काही नाही. बऱ्याच दिवसांत सविस्तर लिहिलं नव्हतं आणि मधल्या काळात शाळेत थोडं काही घडलं, ते सांगावंसं वाटलं, इतकंच. आमच्या मुख्याध्यापिका तीन दिवसांच्या एका प्रशिक्षणाला गेल्या होत्या. परत आल्या त्या वह्यांचा गठ्ठा घेऊनच. जाड पुठ्ठ्याच्या, आकाशी रंगाच्या वह्या, वर छापलेलं ‘चिंतनवही’. प्रत्येक शिक्षकाने रोज शाळा सुटल्यावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची : आज काय साधलं, काय चुकलं, उद्या वेगळं काय करणार. बाईंनी सभेत सांगितलं, की शिक्षक म्हणजे केवळ पुस्तक संपवणारा माणूस नव्हे, त्याने स्वतःकडे पाहिलं पाहिजे, स्वतःला प्रश्न विचारले पाहिजेत. तेव्हा अगदी मनमोकळं लिहा, ही वही फक्त तुमची आहे. आणि त्याच श्वासात म्हणाल्या, की दर शनिवारी ती माझ्या टेबलावर आणून ठेवा.

तुला माहीत आहे, मी कॉलेजपासून रोजनिशी लिहितो. बावीस वर्षं ज्या गोष्टीबद्दल घरात ऐकून घेतलं, ती आता नोकरीचा भाग झाली, याचा मला आनंद झाला. (तो आनंद निर्भेळ होता की त्यात इतरांना हे जमणार नाही याचं समाधानही मिसळलेलं होतं, हे मी त्याच दिवशी रोजनिशीत तपासलं. मिसळलेलं होतं.) पहिल्याच सोमवारी आठवीच्या वर्गात ऋण संख्यांचा गुणाकार चालू होता. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, असं फळ्यावर लिहून मी पुढे निघालो, तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला आणि विचारलं, “का?” मी म्हणालो, नियम आहे. ती म्हणाली, “कोणी केला?” वर्ग हसला. आता ते हसू तिला होतं की मला, हे न ठरवताच मी तिला “जास्त शहाणपणा नको” म्हणून खाली बसवलं. संध्याकाळी चिंतनवहीत ‘काय चुकलं’ या रकान्याला दोन ओळी दिल्या होत्या. मी चार पानं लिहिली. सारांश असा, की मुलीचं काहीही चुकलं नव्हतं, चुकलं ते माझं, कारण एकोणीस वर्षं मी जे शिकवतो आहे ते तसं का, हे मला माहीत नाही, आणि माहीत नाही हे लपवायला मी आवाज चढवला.

आता इतर मंडळी. वाईट एकही नाही, हे आधीच सांगतो. पण शुक्रवार उजाडला आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांच्या वह्या कोऱ्या. भूगोलवाले म्हणाले, “माझं काही चुकतच नाही, मी लिहू काय?” हे ते गर्वाने म्हणत नव्हते, खरोखर अडले होते. खेळाचे सर (यांना मुलं शिट्टी म्हणतात, आणि आता आम्हीही) माझ्याकडे येऊन म्हणाले, “तुझी जरा दे ना, नमुन्यापुरती. एक नजर टाकतो.” मी विचारात पडलो. दिली तर माझं चिंतन आदर्श आहे असं मी मानतो, असा अर्थ होणार. नाही दिली तर कंजूषपणा. शेवटी दिली. ती तीन तासांनी परत आली तेव्हा भाषेच्या बाईंनी त्यात माझं शुद्धलेखन लाल शाईने सुधारलेलं होतं आणि खाली ‘अक्षर सुधारा’ असा शेरा होता.

शनिवारी मुख्याध्यापिकांनी सगळ्या वह्यांवर ‘पाहिले’ लिहून सह्या केल्या. पाच आठवडे असंच चाललं. कुणाची काही तक्रार नव्हती. मलाही वाटू लागलं होतं, की आपली शाळा अंतर्मुख होते आहे.

सहाव्या आठवड्यात तपासणीला साहेब आले. यापूर्वीचे साहेब यायचे, चहा घ्यायचे, वह्या मोजायचे आणि जायचे. हे साहेब वाचायला बसले. हा प्रकार कुणीच धरून चालला नव्हता. त्यांनी दुपारपर्यंत सगळ्या वह्या वाचल्या आणि त्यांच्या असं लक्षात आलं, की एकाच सोमवारी शाळेतल्या सात शिक्षकांना एकाच मुलीने एकच प्रश्न विचारून अडवलं आहे. भूगोलवाल्यांनी माझं एकोणीस वर्षांचं अज्ञान शब्दशः उतरवलं होतं. (त्यांच्या नोकरीला अकरा वर्षं झाली आहेत.) चित्रकलेच्या बाईंनी थोडी कल्पकता दाखवली होती, त्यांच्या वहीत ती मुलगी फुलदाणी काढता काढता अचानक ऋण गुणिले ऋण धन का, असं विचारते. शिट्टीने तर प्रसंग मैदानावर नेला होता. लांब उडी मारून वाळूत पडल्या पडल्या मुलगी विचारते आणि हे सांगतात, नियम आहे. मात्र मुलीचं काही चुकलं नव्हतं, हे वाक्य सहाही जणांनी गाळलं होतं. कारण विचारलं तर म्हणाले, तिथे पान संपत होतं.

साधा माणूस म्हणाला असता, या वह्या एकमेकांवरून उतरवल्या आहेत. साहेब तेही म्हणाले. पण त्याबरोबर दुसरंही म्हणाले, की कोण ही मुलगी? मुख्याध्यापिका घाबरल्या. मधल्या सुट्टीत सहाही जण माझ्याभोवती जमले. सुचवलं कुणी ते सांगत नाही, पण सूचना अशी होती, की सहा जणांनी एकाचं उतरवलं म्हणण्यापेक्षा एकाने सहा जणांचं उतरवलं असं म्हटलं तर शाळेची अब्रू जास्त राहील. आकड्यांच्या दृष्टीने यात चूक काढता येत नव्हती. तरी मी नकार दिला. आणि याचा मला अभिमान वाटून संपायच्या आत मला आत बोलावलं गेलं.

साहेबांनी माझी वही पुढे सरकवली आणि विचारलं, “हे चिंतन तुमचं स्वतःचं आहे?” मावशी, एवढा सरळ प्रश्न. हो म्हणायचं होतं. पण मी विचार करू लागलो. प्रश्न तर मुलीचा. वही सरकारी. चूक काय, बरोबर काय, हे रकाने कुणीतरी आधीच आखलेले. ‘आवाज चढवला’ हे निरीक्षण मुळात हिचं, ती घरी मला तेच सांगत असते. शुद्धलेखन भाषेच्या बाईंचं. एवढं सगळं वजा जाता माझं उरतं काय? मी म्हणालो, “पूर्णपणे माझं आहे असं म्हणता येणार नाही, सर.” साहेबांनी मान हलवली, ‘शिक्षकाने कबुली दिली’ असं लिहिलं आणि टोपण लावलं.

पुढचं थोडक्यात. मूळ वही शिट्टीची ठरली, कारण ती सर्वांत आटोपशीर होती आणि खेळाच्या शिक्षकाला गणिताचं कुतूहल वाटतं, ही साहेबांना मोठी गोष्ट वाटली. शिट्टीची आता आसपासच्या शाळांत ‘चिंतन कसं करावं’ यावर व्याख्यानं ठेवली आहेत. पहिल्या व्याख्यानाला मला सक्तीने बसवलं, सुधारणेसाठी. माणूस मनाचा चांगला. आदल्या दिवशी घरी येऊन ओशाळून म्हणाला, “अरे, मी उद्या काय बोलू ते लिहून दे की.” दिलं. व्याख्यान बरं झालं. दोन मुद्दे मला नव्याने पटले.

इथवर मी हे हसत सांगतो आहे, कारण इथवर नुकसान माझं आहे आणि ते मला परवडतं. पण साहेबांच्या अहवालात दुसरंही एक वाक्य होतं : ‘सात शिक्षकांना त्रास देणाऱ्या विद्यार्थिनीस पालकांसमक्ष समज द्यावी.’ त्याप्रमाणे तिला बोलावलं गेलं. वडील शिंपी आहेत. गळ्यात टेप तसाच ठेवून आले होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मुलगी फार प्रश्न विचारते.” ते म्हणाले, “घरीही विचारते, बाई. काज इथंच का, टीप उलटी का. मी सांगतो. मला येतं म्हणून सांगतो. तुमच्यात सांगायची पद्धत नसेल तर तसं कळवा, मी तिला समजावतो.” यावर बाईंनी कागद पुढे केला. ‘यापुढे वर्गात अनावश्यक प्रश्न विचारणार नाही’ असं मुलीने त्यावर लिहून दिलं. मी त्या वेळी दाराशी उभा होतो. आत जावं की जाऊ नये याचा विचार करत होतो.

नंतर गेलो. बाईंना म्हणालो, की सगळ्या वह्या माझ्यावरून उतरवलेल्या आहेत, मुलीने एकदाच विचारलं आणि बरोबर विचारलं. बाई थकलेल्या दिसल्या. म्हणाल्या, “अहो सर, मला कळत नाही का? पण अहवाल गेला. आता हे खरं मी लावू कुठल्या फायलीला? तुमच्या चिंतनवहीत लिहा.”

तेव्हापासून ती मुलगी बोलत नाही. बाकीचेही बोलत नाहीत. तास संपताना मी विचारतो, कुणाला काही शंका? त्रेचाळीस माना खाली जातात. इतका शांत वर्ग मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता, आणि भूगोलवाले माझं अभिनंदन करून गेले. मी पुस्तकं काढून बसलो. एकात लिहिलं होतं ‘हे उघड आहे’, दुसऱ्यात ‘हे सहज दिसून येईल’, तिसऱ्यात ते वाचकावर सोडलं होतं. चौथ्यात सापडलं. कंसात पाच अधिक ऋण पाच घ्यायचं, म्हणजे शून्य; त्याला ऋण दोनने गुणायचं, कंस सोडवायचा, एकीकडे ऋण दहा येतं, आणि दुसरीकडे धन दहा आल्याशिवाय शून्य होत नाही, हे गुपचूप पाहत बसायचं. दोन ओळींचं काम. (नियम कुणी केला, याचं उत्तर बहुधा असं, की कुणी केला नाही, दुसरं काही चालतच नाही.) सोमवारी ते फळ्यावर मांडलं आणि वर्गाला स्वच्छ सांगितलं, की त्या दिवशी हे मला येत नव्हतं, म्हणून मी हिला खाली बसवलं, चूक माझी.

मला वाटलं होतं, यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. तास सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, “सर, तुम्हाला येतच होतं ना? मला बोलतं करायला म्हणताय तुम्ही.” मी म्हणालो, नाही गं, खरंच येत नव्हतं. तिने मोठ्या माणसासारखी माझी समजूत घातली : “असू दे सर. गणिताच्या शिक्षकांना येतंच. आम्हालाच तेवढं नसतं येत.” आणि गेली. म्हणजे पाहा, येत नव्हतं तोवर मी येतंय असं भासवलं, तेव्हा सगळ्यांचा विश्वास बसला. आता येत नव्हतं म्हणतो, तर एका मुलीचा बसत नाही.

असो. पत्र लांबलं. काकांना नमस्कार सांग. त्यांच्यापुढेही तेवढेच अंश.

तुझा भाचा
(आणि सातवी ‘ब’च्या तुझ्या हजेरीपटावर क्रमांक सतरा)

ता. क. : पत्र लिहायचं कारण विशेष काही नाही, असं वर लिहिलं आहे. ते फिरून वाचलं, खरं नाही. सातवीत, तिसऱ्या तासाला, मी तुला हाच प्रश्न विचारला होता. तू म्हणालीस, “नियम आहे, बस खाली.” मी बसलो. तक्रार म्हणून सांगत नाही. मला वाईटही वाटलं नव्हतं. बाईंना माहीत आहे आणि आपल्याला कळायचं नाही, एवढंच मी त्यातून घेतलं आणि पुढे एकोणीस वर्षं तेच इतरांना दिलं. तर एक विचारायचं आहे. तुला तेव्हा माहीत होतं का? हो किंवा नाही, एवढंच कळव.

ता. क. दुसरा : ‘हो’ असेल तर कागदाला त्रास देऊ नकोस, धाकट्याकडून फोनवर निरोप चालेल. ‘नाही’ असेल तर मात्र जाड पेनाने, पानभर लिही. खाली सही, हुद्दा आणि ‘गणित, छत्तीस वर्षं’ एवढं घालायला विसरू नकोस. शेवटच्या बाकावरून वाचता आलं पाहिजे.