वाकडा काठ

८ नोव्हेंबर

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद, त्यातला निम्मा वाटा जावईबापूंना देणे. वि. वि.

मी खुशाल पोचलो. पोचल्याचं पत्र लगेच टाका असा तुझा हुकूम होता, पण पहिले काही दिवस संध्याकाळी पाठ टेकली की एकदम सकाळच व्हायची. एकसष्टाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या माणसाची कंबर काय म्हणते ते तुला सांगणार नाही. तू लगेच मलम पाठवशील.

खोली लहान आहे. खाट, टेबल, खुंटीवर माझा कोट आणि एक खिडकी. खिडकीतून ओढा दिसत नाही, नुसता ऐकू येतो. दुपारी जेवणानंतर डोळा लागला की वाटतं, मी आपल्या सलूनमध्येच आहे आणि बाकावर दोन गिऱ्हाइकं हळू आवाजात गप्पा मारत आपल्या नंबराची वाट बघताहेत. मी घाईघाईने उठतो, टॉवेल झटकायला हात पुढे करतो, आणि मग कळतं की ते पाणी आहे. पण खरं सांगू, दुकान बंद केल्यापासून एवढी शांत झोप लागली नव्हती.

काम असं आहे. या ओढ्याच्या काठावरची झाडं कोणे एके काळी तोडून टाकलेली. सावली गेली, पाणी तापायला लागलं, काठ ढासळले, मासे निघून गेले. आता आम्ही नऊ जण तिथे परत रान उभं करतोय. सध्या वाळुंजाच्या फांद्यांचे हातभर तुकडे कापायचे आणि ओल्या मातीत खोचायचे. त्याला मूळ आपलं आपण फुटतं, मला तर ही जादूच वाटते. आमच्या मॅडम तुझ्याहून लहान आहेत. मला काका म्हणतात आणि दिवसभर उन्हात उभं करतात. मी आयुष्यभर केस सावलीतच पांढरे केले, ऊन आता लागतंय.

मार्चअखेर ठरेल कोणाला कायम ठेवायचं ते. नाही ठेवलं तर तुझ्या वरच्या खोलीत मुकाट्याने राहायला येईन, हा माझा शब्द आहे. पण चिमे, मला इथे राहायचंय. दुकानाच्या काचेवर ही जाहिरात कोणी चिकटवून गेलं होतं, देव जाणे. वयाची अट नाही, काम शिकवलं जाईल, एवढंच होतं. शेवटच्या दिवशी काच पुसताना ती निघेना. ओला फडका लावून सावकाश सोडवली आणि फेकायच्या ऐवजी खिशात घातली.

लोभ वाढव, काळजी कमी कर.

तुझा,
बाबा


२१ नोव्हेंबर

ती. बाबांना,

शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मलम सोबत पाठवते आहे, हसू नका.

मी तुम्हाला थांबवलं नाही, कारण थांबवून तुम्ही थांबला असता असं नाही. पण मला हे पटलेलं नाही ते नाहीच. सगळे जण या वयात नातलगांत राहायला येतात आणि तुम्ही चिखलात काड्या खोचायला निघालात! शेजारच्या मावशींनी विचारलं, बाबा काय करतात सध्या? मी म्हटलं, जंगल लावतात. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की म्हातारचळ हा शब्द न बोलताच ऐकू आला.

वरची खोली तयार आहे. ह्यांनी खिडकीला पडदे लावले, तुमच्या पाठीला बरी अशी कडक गादी आणली. खोली रिकामी बघितली की माझा जीव तुटतो.

आणि एक विचारायचं होतं. तुमचं अक्षर म्हणजे दुकानाच्या पाटीसारखं वळणदार. या पत्रात ते असं का झालंय? ओळीवरून मुंग्या चालल्यासारखं? तब्येत बरी आहे ना?

केसांचं काय करू तेही सांगा. जन्मल्यापासून माझ्या केसांना तुमच्याशिवाय कोणाची कात्री लागलेली नाही. पण गेली दोन वर्षं मी समोर बसले की तुम्ही म्हणता, वाढू देत, आईसारखे दिसतात. आता वेणी कमरेखाली गेली. परवा पार्लरमध्ये गेले होते. त्या मुलीने माझी मान पुढे वाकवायला हात लावला आणि मी टॉवेल काढून सरळ घरी आले. वेडीच आहे मी.

लोभ तुमचा आहेच, सोबत उत्तरही लवकर असावं.

तुमची,
चिमी


१४ डिसेंबर

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षराचं काही मनावर घेऊ नकोस. दगडावर बसून मांडीवर कागद धरला की असंच व्हायचं. केसांचं बघू.

मी इकडे हात दाखवून अवलक्षण करून बसलोय. सुटीच्या दिवशी बाकीचे गावात गेले होते. मला वाटलं, मॅडम खूश होतील असं काहीतरी करावं. ओढ्याच्या वळणावर फारच पसारा होता. गवत वाढलेलं, वेली लोंबलेल्या, पडलेल्या फांद्या पाण्यात अर्ध्या कुजत पडलेल्या. माझ्याच्याने बघवेना. कात्री घेतली, विळा घेतला, आणि दिवसभरात तो काठ असा साफ केला की काय सांगू! मानेवरची रेघ धरावी तसं गवत एका ओळीत, फांद्या सगळ्या बाहेर ओढून रचलेल्या. चार पावलं मागे सरून मान तिरकी करून पाहिलं, तेव्हा आरसा दाखवायला गिऱ्हाईक तेवढं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. रचलेल्या फांद्यांभोवती एक फेरी मारली. मग बोलल्या. चाळीस वर्षं मी लोकांची करत आलो, परवा माझी झाली. आणि पाण्याच्या काठी उभं करून बिनपाण्याने झाली!

राग ओसरल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून समजावलं. मी ज्याला पसारा म्हणत होतो ती घरं होती. बुडालेल्या फांद्यांखाली माशांची पिल्लं राहतात, गवतात पाखरं अंडी घालतात. आणि काठ सरळ साफ केला की पाणी धावत सुटतं, जाताना माती घेऊन जातं. काठ वेडावाकडा असला की ते अडतं, रेंगाळतं, कोणाला तरी लपायला जागा देतं. म्हणाल्या, काका, काठ वाकडाच हवा.

मग आम्ही दोघांनी मिळून त्या फांद्या परत पाण्यात टाकल्या. एवढं बरं की कापलेले केस परत डोक्यावर ठेवता येत नाहीत, फांद्या ठेवता येतात. पण कात्री माझ्याकडून काढून घेतली आहे. आता मी रोपांच्या शेडमध्ये ट्रेमध्ये बी पेरतो. तिथे मी काही साफ करू शकणार नाही असा त्यांचा हिशेब असावा.

रात्री स्वप्न पडलं की ओढा आपल्या सलूनमधून वाहतोय. गिऱ्हाइकं खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसली आहेत. मी कापलेले केस पाण्यात पडतात आणि त्यांची पानं होऊन दारातून बाहेर जातात. तुझी आई गल्ल्यापाशी बसून ती पानं बघत होती. मला हाक मारायचं सुचलंच नाही.

तेव्हा खोलीतले पडदे धुऊन ठेव. लक्षण काही बरं दिसत नाही.

मायेत खंड पडू देऊ नकोस.

बाबा


५ जानेवारी

सौ. मॅडम यांना,

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमच्याकडे काम करणारे काका, सलूनवाले, मी त्यांची मुलगी. हे पत्र म्हणजे बाबांचा केसानं गळा कापणंच आहे, तरी लिहिते.

त्यांनी ओढ्याचा काठ साफ करून ठेवल्याचं त्यांच्या पत्रातून कळलं. त्यांचं वय, थंडी, चिखल, त्यात पत्रातलं अक्षर दर वेळी आणखी बिघडतंय. विचारलं की उडवून लावतात. आई गेल्यापासून ते एकटे आहेत. चालतं दुकान त्यांनी एका आठवड्यात बंद केलं. गिऱ्हाईक कमी झालं म्हणाले, पण शेवटच्या दिवशीही बाक भरलेला होता. मला काहीच कळत नाही.

मार्चमध्ये तुम्ही त्यांना कायम केलं नाहीत, तर ते माझ्याकडे येतील. तसा शब्द दिलाय त्यांनी. तुम्ही त्यांना न दुखावता नाही म्हणाल का? एका मुलीची विनंती समजा. आणि हे पत्र त्यांना दाखवू नका.

आपली,
काकांची मुलगी


२६ जानेवारी

प्रिय ताई,

स. न. वि. वि. (आणि मी सौ. नाही, पण रागावलेले नाही.)

तुमचं पत्र काकांना दाखवलं नाही. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. मला वाटलं होतं तुम्हाला माहीत असेल.

काकांचे हात थरथरतात. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी माझ्या लक्षात आलं. ते पेला दोन्ही हातांनी धरतात. आम्ही आता त्यांचा पेला अर्धाच भरतो. ते काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. डॉक्टरांना दाखवलंय, गोळ्या चालू आहेत, हे मी खोदून विचारल्यावर कळलं. आजार जिवावरचा नाही. पण वाढेल हळूहळू.

काठ साफ केला म्हणून मी त्यांना फार बोलले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांना बियांच्या शेडमध्ये बसवलं ते शिक्षा म्हणून नव्हे, थंडी होती म्हणून. इथल्या एका झाडाचं बी खसखशीहून बारीक असतं. ते पेरणं अवघड. स्थिर हाताने चिमूट सोडली की एका जागी ढीग पडतो, मग रोपं दाटीने उगवतात आणि एकमेकांना गुदमरवून मरतात. माझीही मरतात. पण काकांच्या ट्रेमध्ये या वेळी रोपं अशी उगवलीत की कोणीतरी बसून एकेक बी जागेवर ठेवलं असावं. त्यांच्या हाताच्या थरथरीने बी आपोआप सारखं पसरतं.

हे माझ्या आधी त्यांच्याच लक्षात आलं. एका सकाळी त्या हिरव्या ट्रेसमोर बसले होते. म्हणाले, एकदा गिऱ्हाइकाच्या कानाखाली रक्ताचा थेंब आला, त्या संध्याकाळी वस्तरा धुऊन ठेवला. तेव्हापासून हे हात कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं. मग ते रडले, आणि मग माझ्या भुवयांवरून माझी थट्टा केली.

तुमची काळजी मला कळते. पण त्यांना ठेवायचं की नाही हे मी तुमच्या पत्रावरून ठरवणार नाही, रोपांवरून ठरवेन. एकदा येऊन बघा.

आपुलकी असू द्या.

आपली,
ओढ्यावरची मॅडम


२९ मार्च

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू गेले दोन महिने दोनच ओळींची पत्रं पाठवतेस. रागावली आहेस का? आता आणखी रागावशील. मी कायम झालो!

मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी शेडमध्ये जाऊन थोडा वेळ एकटाच बसलो. पोरी, तुझी खोली रिकामी राहिली याचं वाईट वाटतं, आणि तरी मला इतका आनंद झालाय की तो लपवता येत नाही. दोन्ही खरं आहे.

खोचलेल्या वाळुंजाला पानं फुटली आहेत. सकाळी धुकं असतं तेव्हा पाणी दिसतच नाही, नुसती ती कोवळी पानं हवेत तरंगल्यासारखी दिसतात. मी बिघडवलेल्या वळणावर आम्ही परत टाकलेल्या फांद्यांखाली माशांची पिल्लं आलीत. मी तिथे उकिडवा बसून त्यांना बघतो. ही झाडं मोठी होऊन ओढ्यावर सावली धरतील तेव्हा मी नसेन. पण पिल्लांना आत्ताच पुरेशी सावली आहे.

तुझे केस आता चांगल्या पार्लरमध्ये कापून घे. त्या मुलींचा हात हलका असतो. माझी सवय मोडलीये.

लोभ होता तसा ठेव.

बाबा


९ एप्रिल

ती. बाबांना,

शि. सा. न. वि. वि.

अभिनंदन. हे मनापासून लिहिते आहे, आणि लिहायला आठवडा लागला.

मी जानेवारीत तुमच्या मॅडमना चोरून पत्र लिहिलं होतं. तुम्हाला ठेवू नका म्हणून. त्यांनी ऐकलं नाही, आणि मला तुमच्या हातांचं सांगितलं. त्यांच्यावर चिडू नका. चिडायचं तर माझ्यावर चिडा, पण आधी माझं ऐका. मी तुमच्यावर चिडून घेतलंय.

बाबा, दोन वर्षं मला वाटत होतं की माझे केस आईसारखे म्हणून तुम्हाला माझ्याकडे बघवत नाही. मी समोर येऊन बसायचे आणि तुम्ही उठून खिडकीशी जायचात. मला वाटलं, आईबरोबर माझे बाबाही गेले. म्हणून तर तुम्हाला वरच्या खोलीत आणून बसवायचं होतं. माझ्या मानेपाशी कात्री थरथरेल ही भीती, एवढंच होतं, आणि तुम्ही मला ते सांगितलं नाहीत! चहाचा पेला अर्धा भरायला मला जमलं नसतं का?

वरची खोली तशीच ठेवणार आहे. कडक हिवाळ्यात दोन महिने तरी या, त्यात हयगय चालणार नाही. बाकीचे दहा महिने ओढ्याचे.

येत्या शनिवारी मी येते आहे. एकटीच. मला ती माशांची पिल्लं बघायची आहेत, आणि माझा नंबर लावून ठेवा. वळणावरच्या दगडावर मी पाण्याकडे तोंड करून बसेन. कात्री मॅडमकडून मागून घ्या, मी त्यांना सांगून ठेवलंय. पार्लरबिर्लर मला ठाऊक नाही. हात थरथरला तर थरथरू दे, मी मान हलवणार नाही. केस ओळीत आले नाहीत म्हणून कोणी बोललंच, तर सांगेन की ओढ्यावरची पद्धत आहे, काठ वाकडाच हवा.

तुमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक,
चिमी