भुरीच्या पोटच्या तेवीस बकऱ्या

मी, एस्तेर प्रभाकर लोणारे, वय अठ्ठेचाळीस वर्षे, धंदा अंगणवाडी सेविका, राहणार आंजी (मोठी), तालुका व जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. बिघडली आहे ती हृदयाची एक झडप, आणि ती बदलण्यासाठी येत्या वीस तारखेला मला दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. तरीही एकोणीस वर्षे मनात ठेवलेली एक गोष्ट कागदावर आल्याशिवाय घरातून निघू नये, असे मला वाटते. कोणी सांगितले म्हणून किंवा कोणाच्या धाकाने मी हे लिहीत नाही. गेल्या रविवारी वाचलेला कच्चा मसुदा रद्द समजावा. तो का रद्द केला ते कलम सहामध्ये आहे.

१. पतीच्या मागे माझ्या नावावर झालेले दोन खोल्यांचे घर, मागचे अंगण आणि बकऱ्यांचा कोठा माझा मुलगा स्वप्निल यास द्यावा. पावसात न्हाणीघराची भिंत पाझरते. ती आधी दुरुस्त करावी, टीव्ही नंतर घ्यावा.

२. बचतगटातील माझी रक्कम आणि शेवटचे मानधनही स्वप्निलनेच घ्यावे. एकच अट आहे. मानधन हातात आले की त्याचा दहावा भाग आधी काढून प्रार्थनाघराच्या पेटीत टाकावा, मग दवाखान्याचे आणि मातीचे बघावे. 'आधी' या शब्दाकडे लक्ष द्यावे. सगळे भागवून उरलेल्यातून देताना कुणालाच भीती वाटत नाही. महिना कसा जाणार हे ठाऊक नसताना दहावा भाग बाजूला काढायचा आणि उरलेल्या नवांत माझे भागेल, असे म्हणायचे. एवढ्यालाच मी विश्वास म्हणते. दर महिन्याला ते म्हणताना माझा आवाज थोडा कापतो, हेही लिहून ठेवते.

३. शिलाई मशीन अंगणवाडीतील मदतनीस कुंताबाई हिला द्यावे. चौदा वर्षे ते माझ्यापेक्षा तिनेच जास्त चालवले आहे, आणि सुई प्रत्येक वेळी तिनेच मोडली आहे.

४. माझे दीर तानबा यांनी सात वर्षांपूर्वी आमची लोखंडी शिडी एका दिवसासाठी नेली. ती परत मागण्याचा हक्क मी सोडते. आमच्या दशांशाला ते नेहमी हसत. "दहावी बकरी देवाले, बाकीच्या नऊ डॉक्टरले. तुमच्या हाती काय तं लेंड्या," असे ते प्रभाकरांच्या खाटेशी उभे राहून म्हणाले होते. शिडीबरोबर तो रागही सोडते, असे लिहिणार होते. पण तो अजून पुरता सुटलेला नाही, म्हणून शिडी तेवढी लिहिते.

५. आजघडीला माझ्या कोठ्यात लहानमोठ्या तेवीस बकऱ्या आहेत. त्या कोणाला द्यायच्या हे लिहिण्याआधी त्या माझ्या आहेत का, हे सांगणे भाग आहे.

प्रभाकरांच्या घरी आजोबांपासून एक रीत होती. कापणीच्या उपकारस्तुतीच्या रविवारी सकाळी कोठ्याच्या दारात काठी आडवी धरायची आणि बकऱ्या एकेक करून तिच्याखालून सोडायच्या. दहावी येईल तिच्या कपाळाला गेरू लावायचा. ती देवाची. चांगली निघो की रोगट, निवडायची नाही आणि बदलायची नाही. बदललीच, तर दिलेली आणि ठेवलेली, दोन्ही देवाच्या होतात, असा बायबलात मोशेचा नियम आहे. दहा भरल्या नाहीत त्या वर्षी आम्ही अंडी देत असू. देवाची बकरी पुढे गावातल्या अशा घरी जाई, जिथे तान्हे मूल आहे आणि दूध नाही. ते घर कोणत्या देवाला मानते, हे कुणी विचारत नसे.

२००६ साली प्रभाकरांना क्षय होता. डॉक्टरांनी औषधासोबत दूध-अंडी द्यायला सांगितले होते. घरात दूध एकाच बकरीचे होते, भुरीचे. स्वप्निल सहा वर्षांचा होता. त्या रविवारी प्रभाकरांनी खाटेवर बसूनच काठी धरली आणि मी बकऱ्या सोडू लागले. अकरा होत्या. नऊ गेल्या आणि दहावी भुरी पुढे आली. तिचे अर्धे अंग काठीखालून बाहेर आले होते. मी तिला गुडघ्याने मागे रेटले आणि कान धरून मैनेला पुढे ओढले. मैना भाकड होती.

प्रभाकरांनी पाहिले. काठी तशीच धरून ते म्हणाले, "एस्तेर, देवाले दहापर्यंत मोजता येते वं."

मी म्हटले, "येऊ द्या. लावा गेरू."

त्यांनी मैनेला गेरू लावला.

त्या वर्षी प्रार्थनाघराच्या पंचांनी भागीरथाचे घर निवडले. भागीरथा जंगू मडावी जंगलाकडच्या रस्त्याला, शेवटच्या घरात राहते. नवरा वनखात्याच्या कामावर जाई. तिला दोन महिन्यांची मुलगी होती, चंचल, आणि तापानंतर तिचे स्वतःचे दूध आटले होते. मैना तिच्या दारात बांधली गेली. आठवड्याने भागीरथा अंगणवाडीत आली आणि तिने मला विचारले, "बाई, हे बकरी दूध काऊन देत नाई?"

मी म्हटले, "नवी जागा हाय. रुळू दे."

गावातल्या मुलांची वजने घ्यायची ती मीच. चंचलला झोळीत घालून काट्याला टांगत असे आणि आकडा तक्त्यावर लिहीत असे. डिसेंबरात तो सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली गेला. जानेवारीतही. ती पोर तांदळाच्या पेजेवर होती. लिहिताना माझे अक्षर नेहमीसारखेच आले. ते तक्ते मी नंतर पाहिले आहेत. अक्षर कुठेही हललेले नाही, आणि मला त्याचेच वाईट वाटते.

फेब्रुवारीत प्रभाकर गेले. दूध त्यांना वाचवू शकले नाही. वाचवले असते तर हे कलम मी लिहिले असते की नाही, मला सांगता येत नाही. मातीच्या तिसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी भुरीचे दूध भागीरथाकडे नेऊ लागले. अंगणवाडीचे आहे, सरकारकडून आले आहे, असे सांगत असे. पावसाळा लागेपर्यंत चंचल खालच्या रेषेच्या वर आली.

पुढे एका रोगात बाकीच्या बकऱ्या मेल्या. राहिल्या त्या भुरीच्या पोटच्या. आजच्या तेवीसही तिच्याच वंशातल्या आहेत. म्हणजे नियमाने पाहिले तर माझ्या कोठ्यात माझी एकही बकरी नाही.

हे मी पाळकसाहेबांना सांगितले होते. ते म्हणाले, "एस्तेरबाई, आपण आता नियमाखाली नाही, कृपेखाली आहोत. देवाने केव्हाच क्षमा केली." देवाविषयी मी त्यांचे म्हणणे मानते. पण ती बकरी देवाच्या हातून एका घरी जायची होती, आणि त्या घरात मूल रडत होते. मी कंजूष नव्हते. मी घाबरले होते. नवांत आमचे भागेल, हे त्या सकाळी माझ्याने म्हणवले नाही.

६. गेल्या रविवारी दुपारी वकील अंकिताबाईंनी आमच्या अंगणात कच्चा मसुदा वाचला. त्यात वरचे कलम होते आणि त्याखाली सगळा कळप भागीरथाला लिहिला होता. ऐकायला स्वप्निल, कुंताबाई आणि भागीरथा बसली होती. त्यांच्यापैकी कुणालाही मी आधी काही सांगितले नव्हते.

सगळ्यांत आधी स्वप्निल उठला. "आई, मी बंदिस्त शेळीपालनाचे कागद करून राह्यलो, बँकेत अर्ज गेला, अन् तू साऱ्या बकऱ्या देऊन टाकतं? काऊन?"

कुंताबाई म्हणाली, "बस ना रे पोरा. तुही माय अजून मेली नाई."

मी भागीरथाकडे पाहायचे टाळत होते. तिने पदराने तोंड पुसले आणि ती हसायला लागली.

"सरकारचं दूध कोमट राह्यते काय वं बाई कधी? अन् सरकार कधीपासून सकाळी सहाले दारात येऊन राह्यलं?"

"तुले ठाऊक होतं?"

"मैनाची कास पाह्यली तवाच समजलं. मी काय शहरातली हावो?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? तुह्या खाटेवर माणूस होता, माह्या मांडीवर पोरगी होती. तुह्या जागी मी असती, तं मैनाही दिली नसती."

मी म्हटले, "मंग आता तरी घे. ह्या तुह्याच हायेत."

"नाई घेत."

"काऊन?"

"घेतल्या तं तू फेडलं असं होईल. उद्यापासून तू माह्याशी मोजून मापून बोलशील. मले ते जमत नाई." मग ती अंकिताबाईंकडे वळली. "वकीलबाई, ह्या कागदावर अंगठे कोनाचे लागते?"

"दोन साक्षीदारांचे. पण ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळतं, त्यांनी साक्षीदार होऊ नये. झाले, तर त्यांना दिलेलं रद्द होतं. त्यांच्या नवऱ्याला दिलेलंही."

"असं? मंग लिवा माह्यं नाव साक्षीदारात."

कुंताबाई ओरडली, "अवं, तेवीस बकऱ्या सोडून अंगठा मागतं!"

"अंगठ्याले चारा लागत नाई," भागीरथा म्हणाली, आणि चहा न घेताच घरी गेली.

कुंताबाईचे मशीन साक्षीसाठी जाऊ नये, म्हणून दुसऱ्या साक्षीदार शेजारच्या अनुसयाबाई आहेत.

७. सोमवारी सकाळी स्वप्निल कोठा झाडत होता. झाडता झाडता थांबून त्याने विचारले, "भुरीचं दूध बाबाच प्यायचे काय?"

मी म्हटले, "अर्धं. अर्धं तुले द्यायचो."

तो पुन्हा झाडू लागला. सगळा कोठा झाडून झाल्यावर म्हणाला, "वकीलबाई नवऱ्याचं बोलली. पोरीचं नाई बोलली."

मी फोन लावला. मुलीला दिलेले चालते, अंकिताबाई म्हणाल्या.

"मंग चंचलचं नाव लिव," स्वप्निल म्हणाला. "बँकेचं मी पाहून घेतो. भागीरथा मावशीले सांगू नोको."

म्हणून भुरीच्या वंशातील सर्व बकऱ्या, आजच्या तेवीस आणि माझ्या मरणापर्यंत आणखी होतील त्या, चंचल जंगू मडावी, वय एकोणीस वर्षे, राहणार आंजी (मोठी), हिला द्याव्यात. ती गावाची पशुसखी आहे. या बकऱ्यांना लस तीच टोचते, आणि अडलेल्या दोन बकऱ्या तिने माझ्या डोळ्यांदेखत सोडवल्या आहेत. तिने त्या पाळाव्या, विकाव्या, वाटाव्या. काठीची आणि गेरूची अट तिच्यावर नाही. तिचा देव तिने तिच्या रीतीने मानावा. तिचा स्वतःचा कोठा होईपर्यंत स्वप्निलने आमच्या कोठ्यात जागा द्यावी आणि त्याबद्दल काही मागू नये.

ऑपरेशन नीट होऊन मी परत आले, तरी हे कलम बदलणार नाही. आजपासून या बकऱ्या मी चंचलच्या समजूनच चारीन. बकऱ्यांवाचून माझे भागेल, असे मी या वेळी आधीच म्हणून ठेवते.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी स्वप्निलने करावी. मला प्रभाकरांच्या शेजारी पुरावे. तानबांना निरोप द्यावा. ते आले तर त्यांना बसायला खुर्ची द्यावी.

९. अंकिताबाईंना विनंती. अंगठा लावण्याआधी भागीरथा सगळे वाचून दाखवा म्हणेल. साक्षीदाराने सही होताना पाहायची असते, मजकूर माहीत असण्याची गरज नसते, हे आपणच मला सांगितले आहे. एक ते सहा कलमे खुशाल वाचावीत. सातव्यापाशी कुंताबाई चहा घेऊन येईल.

ठिकाण: आंजी (मोठी), जिल्हा वर्धा
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५

(सही) एस्तेर प्रभाकर लोणारे

एस्तेर प्रभाकर लोणारे हिने आम्हा दोघींच्या देखत वर सही केली, आणि आम्ही तिच्या देखत खाली सही व अंगठा केला. ती शुद्धीवर आणि शांत होती, हे आम्ही पाहिले. तिने वर काय लिहिले आहे, ते आम्हांस ठाऊक असण्याची आवश्यकता नाही.

साक्षीदार:

१. (सही) अनुसयाबाई तुकाराम भोयर, राहणार आंजी (मोठी)

२. भागीरथा जंगू मडावी, राहणार आंजी (मोठी), हिचा डाव्या हाताचा अंगठा