पाण्यातली पदकं

आई, घरातले देव पुन्हा पाण्यात आहेत. देवघरासमोर तुझंच ते तांब्याचं घंगाळ ठेवलंय. त्यात अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक, आणि तळाशी आपली दोन पदकं. एक आजोबांचं, ब्रह्मदेशातल्या लढाईचं, आणि दुसरं आप्पांचं, एकाहत्तरचं. दादा तिकडे तुझ्याजवळच आहे, त्याचा मुलगा इकडे सीमेवर आहे. तुझा नातू. तू गेलीस तेव्हा तो जन्मलासुद्धा नव्हता, आणि आता फौजेत आहे. तिकडे काहीतरी सुरू झालंय, टीव्हीवरची माणसं घसा फाटेपर्यंत ओरडतायत, आणि त्याचा फोन लागत नाही. परवा सकाळी वहिनी अंघोळ करून आली, ओल्या केसांनीच देव उचलले आणि पाण्यात ठेवले. मला विचारलं नाही. मग कपाटातून पदकांची डबी काढली, तेव्हा मात्र मी उठले. म्हटलं, "वहिनी, ती कशाला?" तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "सासूबाईंनी ठेवलं होतं ना, ताई? तुम्हीच तर सांगता दरवेळेस." घे! माझीच गोष्ट माझ्याच गळ्यात आली. 

हसू नकोस. तुझी ही लेक शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाली, लग्न केलं नाही, आणि तुझ्या उपासतापासांची टिंगल करण्यात तिचा अर्धा जन्म गेला. आता ती पाय न वाजवता घंगाळाच्या कडेकडेने जाते. विश्वास बसलाय असं नाही. भीती वाटतेय, आई, सरळ सांगते. शेजारच्या गल्लीत पॉवरलूम दिवसभर खडखडत असतात. जन्मापासूनचा तो आवाज मला ऐकू येईनासा झालाय, पण वहिनीला सध्या तो सहन होत नाही. फोनची रिंग त्यात बुडेल म्हणून ती फोन मुठीत धरून एका हाताने पोळ्या लाटते. नकाशे झाले आहेत त्या पोळ्यांचे. लाइट गेली की लूम थांबतात, सगळी गल्ली वैतागते, आणि आम्ही दोघी त्या शांततेत श्वास धरून फोनकडे बघत बसतो. काल अशीच लाइट गेली आणि खरंच फोन वाजला. कोणा कंपनीवाल्याचा होता, रिचार्जची स्कीम सांगत होता. वहिनीने त्याला अशा काही शिव्या घातल्या की मी बघतच राहिले. दापोऱ्यासारख्या खेड्यातली ही गरीब बाई, इतक्या वर्षांत आवाज चढवून बोललेली मी ऐकली नव्हती.

तुझी एकाहत्तरच्या थंडीतली मूर्ती सारखी डोळ्यांपुढे येते. आप्पा लढाईवर, त्यांचा काही पत्ता नाही. रेडिओ शेजाऱ्यांकडे आहे, आजोबा दिवसभर तिथे कान लावून बसतात आणि घरी येऊन काहीच सांगत नाहीत. तू चुलीसमोर बसून एकेक देव पाण्यात सोडतेस. मग उठतेस, आजोबांच्या ट्रंकेतून त्यांचं पदक काढून आणतेस आणि तेही सोडतेस. आजोबा दारातून बघतात. ब्रह्मदेशात पायाला गोळी लागली होती, तेव्हापासून लंगडायचे. काठी टेकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येतात आणि म्हणतात, "अगं सूनबाई, त्याच्यावर इंग्रजांचा राजा आहे! त्याला देवांत कशाला बसवतेस? तो काय कप्पाळ करणार?" सासऱ्यांसमोर तुझं तोंड कधी उघडायचं नाही. पण तू पदर पुढे ओढलास आणि म्हणालीस, "राजाला नाही ठेवलं, मामंजी. तुम्हाला ठेवलंय. तुम्ही लढाईवरून परत आलात ना? मग त्यांना पण घेऊन या." आजोबा परत ओसरीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने मला हाक मारून म्हणाले, पोरी, माझा चष्मा दे. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

आणि मग ती चपराक. पदकाची फीत भिजून तिचा रंग उतरायला लागला, पाणी लालसर झालं. मला वाटलं, आजोबांची वस्तू वाया जातेय. मी हात घातला, पदक काढलं आणि फ्रॉकला पुसायला लागले. तू पीठ मळता मळता तशीच आलीस. माझ्या गालावर पाचही बोटं पांढरी उमटली होती असं दादा पुढे कितीतरी वर्षं चिडवायचा. "बापाला मारतेस का गं?" असं ओरडलीस तू. मला काही कळलं नाही. पदक आजोबांचं, आप्पा कुठे लांब, आणि मी तर नुसता हात घातला होता. पाणी बदलून, फीत सोडवून तू ते पुन्हा ठेवलंस, आणि रात्री मला जवळ घेऊन झोपलीस.

पुढे आप्पांनाही पदक मिळालं. घरी आणून त्यांनी ते तुझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे पण ठेव त्यांच्या डबीत." त्यानंतर ती डबी त्यांनी कधी उघडली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तूच ती काढायचीस आणि ताम्हण-समयांबरोबर चिंच लावून दोन्ही पदकं घासायचीस. इतकं घासलंस की राजाचं नाक गेलं. आजोबा म्हणायचे, जपान्यांना जमलं नाही ते आमच्या सूनबाईने केलं! एवढं बोलून ते खोकला येईपर्यंत हसायचे. लढाईबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं तेवढंच. बाकीच्या गोष्टी मी माझ्या मनाने रचल्या आणि दादाच्या पोराला घास भरवताना सांगितल्या.

त्याच गोष्टी काल माझ्यावर उलटल्या. इथल्या माजी सैनिकांनी एक दालन बांधलंय, काचेची कपाटं वगैरे. मागे हिवाळ्यात त्यांचे सुभेदारसाहेब आले होते, तेव्हा मी पदकं देईन म्हणाले होते. मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, कशाला खोटं बोलू. काल ते लाल मखमलीची पेटी घेऊन दारात हजर. "मॅडम, इतवार को उद्घाटन है. कार्ड छप गये. 'एक परिवार, दो युद्ध', ऐसा बोर्ड भी बन गया." मी काही म्हणायच्या आत वहिनी देवघरासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "नाही द्यायची. लेकरू घरी येईपर्यंत इथून काही निघणार नाही." मी म्हटलं, वहिनी, जरा हळू. तर माझ्याकडे वळली. "तुम्हीच त्याला हे वेड लावलं, ताई. मांडीवर घेऊन हीच पदकं दाखवायच्या. तो मागे फौजेत जायला नाही म्हणत होता, तर तुम्ही म्हणाल्या, जा, आपल्या घराण्यातलं आहे. आता तुम्हाला काचेत सजवायची आहेत?" परक्या माणसासमोर, आई.  

सुभेदारसाहेब बिचारे अवघडले. विषय बदलावा म्हणून असेल, खाली वाकून म्हणाले, "बहनजी, पानी में तो चाँदी काली पड़ जायेगी," आणि हात पाण्याकडे नेला. आणि मी किंचाळले. वहिनी नाही, मी. "हात लावू नका!" असा आवाज मी वर्गात मारामारी चालू असतानासुद्धा काढला नव्हता. साहेबांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. तुझं ते "बापाला मारतेस का गं?" मला तेव्हा, त्या क्षणी कळलं. गालावर पुन्हा पीठ लागल्यासारखं झालं.

साहेब घंगाळापाशी उकिडवे बसले. पाण्यात बघत होते. मग विचारलं, "पानी रोज बदलते हैं ना?" वहिनीने मान हलवली. ते उठले, पेटी काखेत घेतली आणि जाताना दारात बूट घालता घालता एवढंच म्हणाले, "कपाट ख़ाली रहेगा, बिना मेडल के. बोर्ड लगा देंगे." त्यांना चहासुद्धा विचारायचं राहिलं आमचं.

इथवर लिहून ठेवून दिलं होतं, आई. आज दुपारी त्याचा फोन आला. लूम चालू, वहिनीचे हात पिठात, फोन शेवटी मीच उचलला. "आत्या, मी ठीक आहे. जास्त बोलता येणार नाही. आईला सांग." मी विचारलं, येणार कधी? "बघू." आणि फोन कटला. एवढंच. वहिनी ओट्याला टेकून खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मी पण. मग तिने तोंड धुतलं, देव बाहेर काढले, पुसून गंध लावून जागेवर बसवले, शिऱ्याला रवा काढला. तो आला की इच्छापूरला देवीला जायचं, असं आत्ताच ठरवून टाकलं. चेहराच बदलला तिचा. कालच्या बोलण्याबद्दल काही म्हणाली नाही, पण मला शिऱ्याची वाटी तुपाने थबथबून दिली. म्हणाली, "ताई, पदकं तेवढी तुम्ही पुसा. साहेबांना देऊन टाका, रविवारी लावतील."

मी पदकं घेऊन माझ्या खोलीत आले. पुसायला फडकं घेतलं. आणि मला तुझा पितळी तांब्या आठवला.

त्या वेळी दापोऱ्याचा एक जवान सुट्टीवर आला होता आणि आपल्या दारात उभ्याउभ्या सांगून गेला होता की आप्पा जिवंत आहेत, खांद्याला लागलंय, दवाखान्यात आहेत. घरात नुसता आनंद. आजोबांनी गल्लीत गूळ वाटला. तू देव पाण्यातून काढलेस. पण मी शेंगदाणे चोरायला फळीवर चढले, तर डाळीच्या डब्यांमागे तांब्या होता, आणि त्यात पदक. मी ह्या वेळी हात घातला नाही. तुला विचारलं, हे का नाही काढलं गं? तू डब्यांची रांग सारखी करत म्हणालीस, "निरोप आलाय. माणूस कुठे आलाय?" आणि रोज सगळ्यांची पाठ फिरली की त्यातलं पाणी बदलत राहिलीस. मी पाहत होते.

मग एके दिवशी आप्पा खरंच आले. हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली, मी तर ओळखलंच नाही. दादा धावला, आजोबा काठीशिवाय उठले. आणि तू? तू आत पळालीस. बाहेरून सगळे हाका मारतायत आणि तू फळीवरून तांब्या काढून पदक पदराला पुसतेस. तेवढ्यात आप्पांचा आवाज येतो, "अगं, आधी पाणी दे." तू गोंधळलीस. हातात होता तोच तांब्या घेऊन बाहेर गेलीस. आप्पांनी उभ्याने, एका दमात सगळं पाणी संपवलं. तू मला डोळ्यांनी दटावलंस, आणि मी आजतागायत कोणाला सांगितलं नाही. वहिनीला देवांची गोष्ट शंभरदा सांगितली असेल, ही कधीच नाही. मला नोकरी लागली तेव्हा तू तोच तांब्या माझ्या सामानात घातलास. परगावी पाणी प्यायला लागतं, म्हणालीस.

संध्याकाळी सुभेदारसाहेबांचा फोन होता. चांगली बातमी कळली म्हणाले, मग पदकं घ्यायला येऊ का? मी म्हटलं, "साहब, अभी नहीं. खबर आयी है, आदमी नहीं आया."  मग म्हणाले, "ठीक है मॅडम. बोर्ड तो लगा ही है."

तांब्या माझ्या टेबलावर आहे, पुस्तकांच्या मागे. दोन्ही पदकं त्यात आहेत. वहिनीला वाटतंय, ती पुसून डबीत गेली. हा कागद कुठे टाकायचा ते काही मला सुचत नाही, तुझ्या गावाला टपाल जात नाही. धूळ जाऊ नये म्हणून त्याची चौघडी करून तांब्यावर झाकण म्हणून ठेवीन. आणि एक, आप्पांना सांगू नकोस, ते हसत सुटतील. तांब्यातलं पाणी मी रोज बदलणार आहे, पण नळाचं घालणार नाही, फिल्टरचं घालणार आहे. आल्या आल्या पोरगं पाणीच मागेल ना गं.